मर्मे आणि मालिश: दाबण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

मुंबईत अंग रगडून घेण्याची सोय पावलोपावली आहे. गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा मालिशवाला आहे, दाढी झाल्यावर डोक्यावर थापट्या मारून चंपी करून देणारा सलूनमधला कारागीर आहे, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला घरी येणाऱ्या मावशी आहेत आणि दादर, ठाणे, बोरिवलीच्या रस्त्यांवर पंचकर्म केंद्रांच्या पाट्याही आहेत. या पाट्यांवर अलीकडे ‘मर्म मसाज’ किंवा ‘मर्मचिकित्सा’ हे शब्द वरचेवर दिसू लागले आहेत. शरीरावर १०७ बिंदू आहेत, प्रत्येक बिंदू एकेका अवयवाशी जोडलेला आहे आणि नेमका बिंदू दाबला की त्या अवयवाचा आजार जातो, अशी माहिती तिथे मिळणाऱ्या पत्रकांत बहुधा दिलेली असते. यातला १०७ हा आकडा खरोखरच ग्रंथातला आहे. मूळ ग्रंथात ही यादी ज्या कारणासाठी आली आहे ते कारण मात्र पत्रकातल्या सांगण्याच्या जवळजवळ उलट आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय मर्मांवरच्या मालिशचा फायदाही नीट कळत नाही आणि धोकाही कळत नाही.

मर्मांचे सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, सहाव्या अध्यायात आहे. सुश्रुतसंहिता हा प्रामुख्याने शल्यचिकित्सेचा, म्हणजे शस्त्राने काम करणाऱ्या वैद्याचा ग्रंथ. शरीरात रुतलेले बाण काढणे, जखमा शिवणे, मुतखडा काढणे, मोडलेली हाडे बसवणे ही त्याची कामे. अशा वैद्याला शस्त्र कुठे चालवावे याइतकेच ते कुठे अजिबात चालवू नये हे ठाऊक असावे लागते, आणि म्हणूनच मर्मांचे ज्ञान हा शल्यशास्त्राचा अर्धा भाग आहे, असे याच अध्यायात म्हटले आहे. मर्मांची ही माहिती केवळ तर्काने रचलेली नसावी, असे मानायला चांगला आधार आहे. त्याच्या आधीच्या, पाचव्या अध्यायात मृत शरीर पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग वाळ्याच्या किंवा तशाच कुंच्याने थर हळूहळू घासून काढत आतली रचना डोळ्यांनी पाहावी, अशी शवपरीक्षणाची रीत सांगितली आहे. त्यात रणांगणावरच्या जखमांचा अनुभव मिळाला आणि कुठे घाव बसला की माणसाचे काय होते, याची एक काळजीपूर्वक नोंद तयार झाली. मर्मांची यादी म्हणजे ही नोंद.

मांस, शिरा, स्नायू, अस्थी आणि सांधे यांचा जिथे संगम होतो आणि जिथे प्राण विशेषेकरून वसतो ते मर्म, अशी त्याची व्याख्या आहे. इथे स्नायू म्हणजे आज आपण ज्याला स्नायू म्हणतो ती मांसपेशी नव्हे, तर बांधून ठेवणारे चिवट तंतू. जुने ग्रंथ वाचताना एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरते. कोणता घटक प्रमुख आहे त्यावरून ११ मांसमर्मे, ४१ शिरामर्मे, २७ स्नायुमर्मे, ८ अस्थिमर्मे आणि २० संधिमर्मे, असा १०७ चा हिशेब होतो. हातापायांत मिळून ४४, छाती आणि पोटावर १२, पाठीवर १४ आणि मानेपासून वर ३७, अशी त्यांची जागावार विभागणी आहे. मुंबईकराला ही कल्पना समजावयाला दादर स्थानक पुरेसे आहे: पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांची माणसे जिथे एकमेकांत मिसळतात, तिथला बिघाड तिथल्यापुरता राहत नाही. शरीरातही रक्तवाहिनी, मज्जातंतू, सांध्याचे बंध आणि हाड जिथे त्वचेखाली दाटीने एकत्र येतात, तिथे बसलेला मार दूरवर परिणाम करतो.

सुश्रुताने केलेली सर्वांत महत्त्वाची विभागणी परिणामांवरून आहे. १९ मर्मांवरचा आघात सात दिवसांच्या आत जीव घेतो, त्यांना सद्यःप्राणहर म्हटले आहे. हृदय, बस्ती (मूत्राशय), नाभी, गुद, कानशिलावरचा शंख आणि डोक्यावरचा अधिपती ही त्यांतली काही. ३३ मर्मांवरचा आघात पंधरवड्यात किंवा महिन्याभरात मृत्यू आणतो. ४४ मर्मे व्यंग निर्माण करणारी आहेत, ८ मर्मे केवळ तीव्र वेदना देणारी आहेत. उरलेली ३ विशल्यघ्न आहेत, म्हणजे तिथे रुतलेले शल्य आत असेपर्यंत माणूस जगतो आणि ते ओढून काढले की मरतो. भुवयांच्या मध्यावरचे स्थपनी हे या तिघांतले एक. खोल रुतलेली वस्तू घटनास्थळी उपसून काढू नये, रुग्णालयात नेईपर्यंत ती तशीच राहू द्यावी, हे आज प्रथमोपचाराच्या प्रत्येक वर्गात शिकवले जाते. तीच सावधगिरी इतक्या जुन्या ग्रंथात स्वतंत्र वर्ग करून नोंदवलेली पाहिली की या निरीक्षकांविषयी मनापासून आदर वाटतो.

एकेका मर्माचे वर्णनही असेच नेमके आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात क्षिप्र नावाचे मर्म सांगितले आहे, पायाच्या अंगठ्याशेजारी तसेच दुसरे, आणि तिथे वेध झाल्यास आक्षेपकाने, म्हणजे झटके येऊन, मृत्यू येतो असे म्हटले आहे. मातीत अनवाणी चालणाऱ्या, अवजारे हाताळणाऱ्या माणसाच्या हातापायाला खोल जखम होऊन नंतर झटके यावेत, हे वर्णन वाचताना धनुर्वाताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पोटरीच्या आणि कोपराखालच्या हाताच्या मध्यावर इंद्रबस्ती आहे आणि तिथल्या जखमेत रक्तस्रावाने मृत्यू सांगितला आहे. कानामागे खालच्या बाजूला विधुर आहे, त्याच्या इजेने बहिरेपण येते. डोके आणि मान जिथे जोडली जाते तिथे कृकाटिका ही दोन मर्मे आहेत, आणि त्यांना इजा झाली की डोके स्थिर राहत नाही, डगमगते. या अध्यायात कोणते मर्म दाबल्यावर कोणता आजार बरा होतो, याचे कोष्टक नाही. ‘इथे जपा’ असे सांगणारी ही यादी आहे.

मग मालिशचा आणि मर्मांचा संबंध आला कुठून? त्याची एक वाट सुश्रुतसंहितेच्याच दुसऱ्या भागातून जाते. चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात रोजच्या आचरणाचे नियम आहेत आणि तिथे अभ्यंग, उद्वर्तन आणि संवाहन यांचे गुण दिले आहेत. अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळून जिरवणे, उद्वर्तन म्हणजे उटण्यासारखे कोरडे चूर्ण लावून चोळणे आणि संवाहन म्हणजे हातापायांना, अंगाला सुखकर वाटेल असे दाबणे. संवाहनाने मन प्रसन्न होते, झोप लागते, श्रम आणि वात-कफ कमी होतात, असे तिथे सांगितले आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात त्याचा कर्ता वाग्भट याने अभ्यंग रोज करावा, आणि डोके, कान व पाय यांना तो विशेष करून करावा, असा सल्ला दिला आहे. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण वर्षातून एकदा जे करतो ते त्याच्या दृष्टीने नित्याचे काम होते. त्याच श्लोकाच्या पुढे अजीर्ण झालेल्याने, कफाने ग्रासलेल्याने आणि नुकतेच शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी शुद्धी, झालेल्याने तेल लावू नये, अशी मनाईही आहे. ही मनाई जाहिरातीत सहसा येत नाही.

दुसरी वाट रणविद्येतून येते. केरळातल्या कळरीपयट्टू या युद्धकलेत जो गुरुक्कळ, म्हणजे गुरू, मर्मावर प्रहार कसा करावा हे शिकवतो, तोच त्या प्रहाराने जायबंदी झालेल्या शिष्याला तेल लावून, चोळून बरे करतो; तिथे दोराला धरून तोल सांभाळत पायांनी मालिश करण्याची रीत आजही चालू आहे. तमिळ प्रदेशातल्या सिद्ध वैद्यकाच्या परंपरेत हीच विद्या वर्मम् म्हणून ओळखली जाते, आणि तिथे १०८ वर्मे मानून त्यांतली १२ अत्यंत घातक आणि ९६ स्पर्शाने बाधणारी अशी वाटणी करतात. महाराष्ट्रात हे ज्ञान अशा पोथीबद्ध रूपात फारसे आढळत नाही, परंतु तालमीत ते हातांत होते. घाटावरून गिरण्यांत कामाला आलेल्या माणसांनी लालबाग-परळला तालमी चालवल्या, त्यांत मेहनत झाल्यावर पैलवानांनी एकमेकांची अंगे रगडण्याची शिस्त होती, आणि कुठे अंगाचा भार देऊन रगडायचे व कुठे हात हलका ठेवायचा हे वस्तादाच्या हाताखाली कळत असे. हाडवैद्याचा हातही याच शाळेतला. म्हणूनच मला असे वाटते की मर्मांवरचे मालिश ही इजा टाळण्याच्या आणि इजा भरून काढण्याच्या ज्ञानातून वाढलेली कला आहे, आणि तिचा सन्मान तसाच केला पाहिजे.

प्रत्यक्ष मर्म शोधायचे कसे, हे पाहण्यासारखे आहे. ग्रंथातले माप अंगुळांचे, म्हणजे बोटाच्या रुंदीचे, आहे आणि ही अंगुळे ज्याची तपासणी चालू आहे त्याच्या स्वतःच्या बोटांची. त्यामुळे सहा फुटी माणसाच्या आणि पाच फुटी बाईच्या हातावर एकच मर्म वेगवेगळ्या अंतरावर येते, तरी प्रमाण तेच राहते. मर्माचा विस्तारही मापलेला आहे: क्षिप्र अर्ध्या अंगुळाएवढे, तर हृदय, बस्ती, नाभी ही मुठीएवढी. म्हणजे सुईच्या टोकाएवढा ठिपका शोधण्याचा प्रश्नच येत नाही; मर्म हा एक छोटा प्रदेश आहे. आपला डावा हात पुढे पसरून कोपराखालच्या मांसल भागाच्या मध्यावर उजव्या हाताचा अंगठा ठेवावा आणि सावकाश दाब वाढवत न्यावा. विरारपासून चर्चगेटपर्यंत वरची कडी धरून उभे राहणाऱ्याला, किंवा दिवसभर कीबोर्डवर बोटे चालवणाऱ्याला तिथे एक दुखरी, ताठ पट्टी लागण्याची बरीच शक्यता आहे. दाब सुखद दुखण्याच्या मर्यादेत ठेवून तीन-चार सावकाश श्वास होईपर्यंत अंगठा स्थिर धरावा आणि मग तितक्याच सावकाश उचलावा. अनेक वैद्य हातापायांच्या मर्मांवर असाच, श्वासाच्या लयीने, चढता आणि उतरता दाब देतात. एकदम खुपसलेला अंगठा मांसपेशीला घाबरवतो आणि ती आणखी आखडते.

असे दाबल्याने बरे का वाटते, याचे आधुनिक शरीरविज्ञानाचे उत्तर तीन-चार पदरी आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एका दारातून जातात, आणि स्पर्श व दाब यांचे संदेश वाहणारे जाड मज्जातंतू जागे झाले की हे दार काही अंशी बंद होते. कोपर आपटल्यावर आपण नकळत तिथे चोळू लागतो ते यामुळेच. शिवाय ताणलेल्या मांसपेशीतल्या दुखऱ्या गाठी सावकाश दाबाने सैल होतात, संथ आणि लयदार स्पर्शाने हृदयाची धडधड व श्वास मंदावतात, आणि कोणीतरी आपल्यासाठी अर्धा तास शांतपणे बसले आहे याचाही गुण येतोच. कंबरदुखी, मानदुखी यांत मालिशने काही काळ आराम पडतो, असे अभ्यासांतही दिसते; तो फार दिवस टिकतो असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. उलट मधुमेह, दमा, थायरॉइड किंवा मुतखडा एखादे मर्म दाबून बरा होतो या दाव्याला ग्रंथाचाही आधार नाही आणि अभ्यासाचाही नाही. मालिशने ‘शरीरातली विषे बाहेर पडतात’ हे वाक्यही असेच सवयीने बोलले जाते. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

याच ठिकाणी अ‍ॅक्युप्रेशर आणि मर्मे यांची गल्लत दूर केलेली बरी. अ‍ॅक्युप्रेशर चिनी वैद्यकातून आले आहे. त्यात शरीरावरून जाणाऱ्या मार्गांची कल्पना आहे, त्यांवर ३६१ बिंदू मानले आहेत, आणि हे बिंदू मुळातच उपचारासाठी सांगितलेले आहेत. काही जागा दोन्हींकडे सारख्या येतात, अंगठ्याजवळचे बेचके हे त्यांतले ठळक उदाहरण, परंतु दोन्ही परंपरांचा हेतू वेगळा आहे. चिनी बिंदूंपैकी मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटे वर, दोन ठळक शिरांसारख्या कंडरांच्या मध्ये असलेल्या बिंदूचा अभ्यास बराच झाला आहे. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी त्यावरच्या दाबाने कमी होते, असे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही, आढळले. एका बिंदूबद्दल एवढा पुरावा आहे म्हणून सगळ्या बिंदूंबद्दलचे सगळे दावे खरे ठरत नाहीत.

आपल्याकडच्या घरगुती रीतींमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती काशाच्या वाटीने तळपाय घासण्याची. तळव्याच्या मध्यावर तलहृदय हे मर्म आहे, त्याच्या पुढच्या बाजूला क्षिप्र आणि कूर्च. पायाला साजूक तूप किंवा तीळतेल लावायचे, मूठभर आकाराची काशाची वाटी उपडी धरून तिच्या गोल बुडाने टाचेपासून बोटांकडे आणि परत, असे दहा-पंधरा मिनिटे घासत राहायचे. वाटीचा दाब पसरट असल्याने अंगठ्यासारखा कुठे रुतत नाही, तळपायाला मऊ ऊब येते आणि दिवसभर काउंटरमागे किंवा वर्गात उभे राहिलेल्या माणसाचे डोळे आपोआप मिटू लागतात. काही वेळाने तूप काळपट होते. ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे त्याबद्दल सांगण्याची पद्धत आहे, आणि प्रदर्शनांतून विकली जाणारी वाटीची यंत्रे याच काळ्या रंगाच्या बळावर खपतात. काशात तांबे आणि कथील असते. घर्षणाने त्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात, तांब्याची तुपाशी किंवा तेलाशी क्रियाही होते, आणि त्याने रंग येतो. रंगाचे कारण धातूत आहे म्हणून मिळणारा आराम खोटा ठरत नाही. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र वाटी फिरवण्याआधी दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत, कारण अशा पायावरची भेग किंवा फोड त्या माणसाला स्वतःला जाणवत नाही.

बाळाच्या बाबतीत तर मर्मांची आठवण रोजच व्हायला हवी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाटावर पाय पसरून बसतात, बाळाला नडग्यांवर आडवे घेतात, तेल आधी आपल्या मनगटावर लावून त्याची ऊब पाहतात आणि मग छातीपासून खांद्यांकडे, मांडीपासून पावलाकडे हात फिरवतात. या हातांत पिढ्यांचे शहाणपण असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नियमित हलके मालिश केल्यास त्यांचे वजन अधिक चांगले वाढते, असे टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासापासून पुढे अनेकदा दिसले आहे. टाळू भरताना तेल नुसते जिरू द्यावे, बोटाने दाबू नये. तिथे कवटीची हाडे जुळायची असतात आणि ती फट साधारण दीड वर्षापर्यंत भरते. नाकात आणि कानात तेल घालणे, नाक चिमटीत धरून ‘उंच’ करणे, बेंबी दाबणे, हे मात्र घरातल्या आजीने सांगितले तरी आदराने नाकारावे.

आता ज्या जागी दाब देऊच नये त्यांच्याबद्दल. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते तो भाग सुश्रुताने मर्मांनी भरलेला सांगितला आहे, आणि आजचे डॉक्टरही तिथे दाबू नका म्हणून सांगतात, कारण त्या दाबाने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते, आणि वयस्क माणसाच्या रक्तवाहिनीतला थर सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. चंपीनंतर हनुवटी आणि डोके धरून मान कडकन वाजवून देण्याची जी हौस आहे, ती थेट कृकाटिकेच्या जागेवर घाला घालते. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. कारागिराला आधीच ‘मान मोडू नका’ असे सांगून ठेवावे. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरनंतर किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि रगडल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटात जोराचे दुखत असताना ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणे अपेंडिक्सच्या रुग्णाला घातक ठरू शकते. छातीतून डाव्या हाताकडे जाणारी कळ, सोबत घाम आणि घाबरे होणे, याला ‘नस आखडली’ किंवा ‘गॅस झाला’ म्हणून तेल लावत बसू नये. आधी रुग्णालय गाठावे.

मर्मचिकित्सा घ्यायचीच असेल तर ती देणारी व्यक्ती बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेली आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये; वरळीचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ पासून मुंबईत आहे, त्यामुळे शिकलेले वैद्य या शहराला दुर्मीळ नाहीत. चांगला वैद्य हात लावण्याआधी वय, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडांचा ठिसूळपणा, जुनी शस्त्रक्रिया, ताप आणि शेवटचे जेवण केव्हा झाले हे विचारतो. हे प्रश्न न विचारता कोणी थेट मानेकडे किंवा पोटाकडे हात नेला, तर त्याला तिथेच थांबवावे आणि उठून यावे.